एल. जे. म्हणजे कोण?

मे महिन्याची सुट्टी मुलांना लागते आणि आईबापांना भोवते. शेवटच्या पेपरापर्यंत ज्यांचं डोकं दुखत असतं, पोट दुखत असतं, ती मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टुणकन उठून “आता काय करू?” असं विचारायला लागतात. मुलगे असले तर या प्रश्नाचं उत्तर एक बॅट आणि एक चेंडू परस्पर देऊन टाकतात. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलींचं मात्र तसं नसतं. ‘आता मोठी झालीस’ म्हणून त्यांना खाली खेळायला पाठवत नाहीत आणि ‘अजून लहान आहेस’ म्हणून एकटं कुठं सोडत नाहीत. मोठेपणाचे आणि लहानपणाचे तोटे एकाच वेळी सोसणारा असा दुसरा वर्ग माझ्या माहितीत एकच आहे, तो म्हणजे बँकेतला हेड कॅशियर.

आमच्या प्रभादेवीच्या चाळीत अशा एकंदर सात मुली आहेत. चाळ तीन मजली. आजूबाजूला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिल्यापासून आमच्याकडे सूर्यसुद्धा उशिरा येतो, बँकेत शिपाई यावा तसा. या सातजणींनी यंदा जाहीर केलं, की आम्हाला सहलीला जायचंय. माथेरानचा खर्च काढला, महाबळेश्वरचा काढला, आणि दोन्ही आकडे ऐकून पालकवर्ग एकदम निसर्गाविषयी उदासीन झाला. तेव्हा सातजणींची म्होरकी, म्हणजे दुर्दैवानं आमचीच कन्या, म्हणाली, “मग आपण मुंबईला जाऊ.”

“मुंबईला?” तिसऱ्या मजल्यावरचे नाना म्हणाले. “मग आत्ता कुठं आहोत आपण?”

“प्रभादेवीला,” ती म्हणाली.

गॅलरीत भरलेल्या त्या सभेत क्षणभर शांतता पसरली, कारण हिशोब बरोबर होता. या मुलींची मुंबई म्हणजे एक शाळा, एक क्लास, सिद्धिविनायक आणि फार तर शिवाजी पार्क. नानांच्या पिढीतली माणसं अजून फोर्टला ‘कोट’ म्हणतात आणि कोटात जायचं म्हणजे परगावी निघाल्यासारखा रुमाल, छत्री आणि सुटे पैसे घेतात. मुलींचा बेत होता चार दिवसांचा. सकाळी निघायचं, शहर बघायचं, दिवेलागणीच्या आत घरी. सहलही होईल आणि झोपायला गादी आपलीच.

सभेनं परवानगी दिली, पण एका अटीवर : बरोबर एक पुरुष माणूस हवा.

पुरुष माणूस शोधायला सुरुवात झाली तेव्हा चाळीत इतके पुरुष असून एकही मोकळा नाही असं निघालं. माझी मात्र हक्काची रजा साठलेली होती आणि ही गोष्ट आमच्या सौ.नी सभेला सांगून टाकली. शिवाय मी बी. कॉम. झालेला, तेव्हा खर्चाचा हिशोब ठेवीन, हाही फायदा तिनं निदर्शनास आणला. अशा रीतीनं मी रक्षक आणि खजिनदार या दोन पदांवर बिनविरोध निवडून आलो.

मार्गदर्शक म्हणून नानांनी कपाटातून एक पुस्तक काढून दिलं. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’. पहिल्यांदा निघालं १८६३ साली. दीडशे वर्षांहून जुनं गाइड घेऊन सहलीला निघणारी तुकडी जगात दुसरी नसेल. पण मुलींचं म्हणणं, आजची मुंबई फोनवर दिसते, तेव्हा जुनीसाठी जुनंच पुस्तक बरं. तळमजल्यावरच्या चष्मेवालीनं एक लांबोडकी वही आणली होती. ती म्हणाली, “काका, यात रकाने आखून द्या.” माणसाला आपल्या धंद्यातलं काम दिलं की तो खुलतो. मी पट्टी घेऊन रकाने आखले : नाव, साल, काय दिलं, शेरा.

पहिला दिवस जवळपासचा होता. प्रभादेवीचं देऊळ झालं, सिद्धिविनायक झाला. सिद्धिविनायकाच्या रांगेत मी लहानपणापासून उभा आहे, पण तिथल्या गर्दीत माणसाला स्वतःच्या चपलांपलीकडचा इतिहास सुचत नाही. चष्मेवालीनं सांगितलं, की हे देऊळ १९ नोव्हेंबर १८०१ रोजी झालं आणि त्याला पैसा दिला माटुंग्याच्या देऊबाई पाटील या बाईंनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. निदान दुसऱ्या बायकांना तरी इथं येऊन मूल मिळावं, अशी त्यांची इच्छा होती म्हणतात. वहीत पहिलं नाव चढलं.

तिथून बसनं माहीमच्या कॉजवेवर. वाटेत सर्वांत धाकटीनं, वय वर्षे तेरा, खिडकीतून पाटी वाचली आणि विचारलं, “एल. जे. रोडमधला एल. जे. कोण?”

हा प्रश्न दादर-माहीमच्या बाजूला कुणी विचारत नाही. एल. जे. रोड म्हणजे एल. जे. रोड. आमच्या चाळीतल्या एका गृहस्थांच्या मते तो कुणी इंग्रज इंजिनियर होता. मुलींनी शोध लावला, की एल. म्हणजे लेडी. लेडी जमशेटजी, म्हणजे सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती, माणसं होड्यांनी पलीकडे जायची आणि पावसाळ्यात बुडायचीसुद्धा. तिथं बांध घालायला सरकारकडे पैसे नव्हते. अवाबाईंनी पदरचे दीड लाखावर रुपये दिले आणि १८४५ साली रस्ता खुला झाला. त्यांची एक अट होती : या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही.

“आणि आपण तिचं नाव नुसतं एल. जे.?” आमची कन्या म्हणाली. जणू मीच ते लहान केलं होतं.

धाकटीनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘टोल नाही’.

दुसऱ्या दिवशी कोट. प्रभादेवी स्टेशनवर गाडी आली आणि सातही मुली लेडीज डब्यात शिरल्या. रक्षणासाठी नेमलेला मी पुढच्या डब्यात, एका गृहस्थाच्या काखेखाली. लोअर परळ ते चर्चगेट एवढ्या प्रवासात मी त्यांचं कोणापासून आणि कसं रक्षण करत होतो, हे सभेनं ठरवून दिलेलं नव्हतं. चर्चगेटला उतरल्यावर त्याच मला शोधत आल्या. “काका, हरवू नका हं,” धाकटी म्हणाली.

चर्चगेटला चर्च नाही आणि गेटही नाही. चर्च आहे लांब, हॉर्निमन सर्कलपाशी, १७१८ सालचं सेंट थॉमस. आणि त्याच्या बाजूचा कोटाचा दरवाजा १८६० नंतरच्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, भिंतींबरोबर गेला. राहिलं ते नाव. आमच्या स्टेशनाचं तर नावही राहिलं नाही. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ साली प्रभादेवी झालं. मुलींना ते आवडलं. एका गव्हर्नराच्या जागी एक देवी आली, म्हणजे वहीत आणखी एक नाव.

ओव्हल मैदानाच्या कडेला झाडाखाली बसून दशम्या, लसणाची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी झाली. समोर राजाबाई टॉवर. आता इथं थोडा माझ्या विषयाचा भाग होता, म्हणून मी पुढे सरसावलो. अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, मग इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसाच पैसा झाला. कापसाच्या आणि शेअरांच्या या बाजाराचे राजे होते प्रेमचंद रायचंद. १८६५ साली ती लढाई संपली, भाव कोसळले, बँका बुडाल्या, कालचे लक्षाधीश पायी चालू लागले आणि—

“काका, राजाबाई कोण?”

राजाबाई म्हणजे प्रेमचंदांची आई. विद्यापीठाला त्यांनी मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले ते आईचं नाव द्यायचं या बोलीवर. मनोरा पुरा झाला १८७८ साली, उंची २८० फूट. आईला दिसत नव्हतं आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताच्या आत जेवायचं असायचं. घड्याळाचे ठोके ऐकून तिला वेळ कळावी म्हणून मुलानं हे केलं, अशी कथा सांगतात. शेअरबाजाराची तेजी-मंदी मी इतकी रंगवून सांगितली होती, पण वहीत गेलं ते राजाबाईचं नाव. प्रेमचंद शेऱ्यात गेले.

मनोऱ्याच्या शेजारीच हायकोर्ट. चष्मेवालीनं वही मांडीवर ठेवली आणि रुखमाबाईंची हकिगत सांगितली. लग्न झालं तेव्हा रुखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. पुढे नवऱ्यानं १८८४ साली फिर्याद केली, की बायको नांदायला येत नाही. १८८७ साली याच कोर्टानं निकाल दिला : नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. मग त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या आणि जन्मभर डॉक्टरकी केली.

कुणी काही बोललं नाही. मैदानावर क्रिकेट चाललं होतं, ‘आउट’, ‘नॉट आउट’ असा आरडाओरडा येत होता. मग धाकटी म्हणाली, “अकरा म्हणजे सहावी.”

मी हिशोबाचा माणूस, पण ही बेरीज मी कधी केलेली नव्हती. अकरा हा इतिहासातला आकडा वाटतो. सहावी म्हटलं की दप्तर दिसतं, पाण्याची बाटली दिसते.

“काय दिलं, या रकान्यात काय लिहू?” चष्मेवालीनं विचारलं. सगळ्यांनी थोडा विचार केला. मग तिनं लिहिलं, ‘नकार’.

दुपारी फ्लोरा फाउंटन. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी, तेव्हा तीही वहीत. शेजारी हुतात्मा स्मारक. नानांनी बजावून ठेवलं होतं, की तिथं चपला काढा. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता सातही मुलींनी चपला काढल्या, मीही काढल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ हुतात्म्यांपुढे आम्ही भाजत्या पायांनी उभे राहिलो. मग एशियाटिकच्या टाउन हॉलच्या पायऱ्या. इमारत १८३३ सालची, पायऱ्या तीसएक. मुली तिथं बसल्या आणि तासभर नुसत्या बसल्या. रस्त्यानं जाणारे बघत होते. मुलगे बसले असते तर कुणी बघितलं नसतं.

एका खर्चाची तरतूद माझ्या अंदाजपत्रकात नव्हती. मुलींना बाथरूमला जायचं होतं. पुरुष माणसानं या बाबतीत मुंबईचा नकाशा कधी अभ्यासलेला नसतो. त्याला अख्खं शहर मोकळं असतं. मुलींनी मात्र तो आधीच तयार करून आणला होता : कुठं आहे, कुठं कुलूप असतं, कुठं पैसे मागतात. याच मागणीसाठी मुंबईतल्या बायकांनी २०११ पासून चळवळ चालवली, हेही मला तेव्हाच कळलं. त्या दिवशी बघायच्या इमारतींचा क्रम इतिहासानं ठरवला नाही, या नकाशानं ठरवला.

परतीच्या वाटेवर मी मुंबईच्या मालकीचा विषय काढला, कारण तो खरोखर माझ्या टेबलावरचा आहे. पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरिनचं, इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि १६६१ च्या करारात मुंबई हुंड्यात दिली गेली. करार १६६१ चा, पण इंग्रजांना ताबा मिळायला १६६५ उजाडलं. कारण मुंबई म्हणजे नेमकी किती, यावरून दोन्ही पक्षांत वाद. आजच्या भाषेत कार्पेट की बिल्ट-अप. मुंबईत जागेचा ताबा वेळेवर न मिळण्याची परंपरा इतकी जुनी आहे. पुढे १६६८ साली राजानं हे शहर ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकलं.

“म्हणजे बायकोचा हुंडा भाड्यानं दिला!” आमची कन्या म्हणाली. “तिला विचारलं होतं का?”

कराराच्या कागदात तसं कलम माझ्या वाचनात नाही.

तिसरा दिवस बोरीबंदरचा. स्टेशनच्या घुमटावर हातात मशाल घेतलेला पुतळा आहे, तो ‘प्रगती’चा, आणि प्रगती ही बाई. आत रोज लाखो माणसं धावतात, पण गाडीच्या वेळेला मान वर करायची चैन कुणाला परवडत नाही. या स्टेशनला पहिलं नाव होतं राणी व्हिक्टोरियाचं. १९९६ साली शिवाजी महाराजांचं नाव आलं आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत नंबर लागला. जवळच कामा हॉस्पिटल, १८८६ सालचं, बायका आणि मुलांसाठी काढलेलं. लंडनहून आल्यावर रुखमाबाईंनी काही दिवस तिथं काम केलं, हे वाचल्यावर मुलींनी रस्त्यापलीकडून त्या इमारतीला हात केला. ओळखीच्या बाईला करावा तसा.

शेवटी मुंबादेवी. तिचं देऊळ आधी या बोरीबंदरच्याच बाजूला होतं. कोटाच्या सोयीसाठी अठराव्या शतकात ते हलवलं. ज्या देवीच्या नावाचं शहर, तिलाही पर्यायी जागेत जावं लागलं, हे ऐकून पुनर्विकासाच्या नोटिशीची वाट बघणाऱ्या आमच्या चाळीला जरा धीर आला.

चौथ्या दिवसाचा बेत मुलींनी रात्री गॅलरीत मांडला, आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. त्यांना मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून दिवे लागताना बघायचे होते. म्हणजे घरी यायला साडेनऊ. आणि पुरुष माणूस नको.

“नको म्हणजे?” मी विचारलं. तीन दिवसांत कुणी कामावरून काढेल असं काही घडलेलं नव्हतं.

“काका, तुम्ही छान आहात,” चष्मेवाली म्हणाली, “पण तुम्ही असलात की आम्ही तुमच्याबरोबर गेलो, असं होतं.”

सभा तापली. पुरुषवर्गाचं म्हणणं एकच : दिवस कसले आहेत! हे दिवस माझ्या लहानपणापासून तसलेच आहेत. एकानं दिवेलागणीची मर्यादा वाढवून साडेसात सुचवली. दुसऱ्यानं पुढच्या वर्षी विचार करू म्हणून सांगितलं. आमच्याकडे कर्जाचा अर्जदार चिवट निघाला की आम्हीही हेच सांगतो. सात तोंडं पडली. वही मिटली.

इतका वेळ लसूण सोलत बसलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तेव्हा म्हणाल्या, “ती वही बघू जरा.”

काकूंचा जन्म लालबागचा, वय बासष्ट. चाळीस वर्षं त्या पोळी-भाजीचे डबे करतात. त्यांनी वही वाचली. मग ती आमच्या सौ.कडे गेली, तिथून चष्मेवालीच्या आईकडे. देऊबाई, अवाबाई, राजाबाई, रुखमाबाई, एकेक नाव मोठ्यानं वाचलं गेलं. अर्ध्या तासानं काकूंनी ठराव मांडला : “मुलींना एकटं सोडायचं नाही ना? मग आम्ही जातो.”

“आणि तुमच्याबरोबर कोण?” नानांनी विचारलं.

“मुली,” काकू म्हणाल्या.

या ठरावाला उत्तर नव्हतं. अट मोडत होती असं म्हणावं, तर मुली एकट्या जात नव्हत्या. बायका एकट्या जात होत्या असंही म्हणता येईना, कारण बरोबर मुली होत्या. बँकेत अशा व्यवहाराला परस्पर जामीन म्हणतात आणि तो आम्ही नामंजूर करतो. चाळीत तो मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला नऊ बायका आणि सात मुली प्रभादेवी स्टेशनकडे गेल्या. मागं राहिलेल्या पुरुषांनी स्वयंपाक केला. तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती, यावर तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत विचारविनिमय झाला आणि सरासरी काढून पाच घेतल्या. साडेसातला नाना गॅलरीत आले. आठला सगळेच आले. “फोन करू का?” असं प्रत्येकानं दुसऱ्याला विचारलं आणि कुणी केला नाही. रोज संध्याकाळी आपण घरी यायच्या वेळी या गॅलरीत कोण उभं असतं आणि ते काय करत असतं, याचा अनुभव चाळीतल्या पुरुषांनी त्या दिवशी सामुदायिक रीतीनं घेतला.

पावणेदहाला त्या आल्या. लांबूनच हसण्याचा आवाज आला, म्हणून कळलं. मुलींनी आयांना सगळं फिरवून दाखवलं होतं, हायकोर्टासमोर रुखमाबाईंची हकिगत सांगितली होती, कट्ट्यावर बसून दिवे लागताना बघितले होते. काकूंनी पाच शिट्ट्यांची आमटी न बोलता खाल्ली, हा त्यांचा मोठेपणा. नानांनी विचारलं, “काय बघितलंत?”

“त्या मोठ्या पायऱ्यांवर बसले,” काकू म्हणाल्या.

“आणि?”

“आणि काही नाही. नुसती बसले. कोटात मी पुष्कळदा गेलेय. कुणाचं औषध आणायला, कुणाचा कागद द्यायला. नुसतं बसायला कधी गेले नव्हते.”

चष्मेवालीनं वही उघडून शेवटच्या ओळीत काकूंचं नाव लिहिलं. ‘काय दिलं’ या रकान्यात ‘परवानगी’. खाली सहलीचा जमाखर्च मी लिहिला. सात मुली, चार दिवस, शिल्लक रुपये त्रेचाळीस. ती पुढच्या सुट्टीच्या खात्यावर ओढली आहे.

परवा मी आणि सौ. माहीमला एका बारशाला निघालो. टॅक्सीत बसताच सौ.नं ठणठणीत आवाजात सांगितलं, “लेडी जमशेटजी रोड.” टॅक्सीवाल्यानं मागं वळून बघितलं. असा रस्ता मुंबईत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मी म्हणालो, “एल. जे. रोड.” तो लगेच निघाला. सौ.नं मात्र त्याला सोडला नाही. खाडी, होड्या, अवाबाई, दीड लाख, १८४५, सगळं सिग्नलागणिक सांगितलं. तो बिचारा मान हलवत होता. माहीम आल्यावर मीटर बघता बघता त्यानं एकच प्रश्न विचारला.

“बाईंनी टोल नाही घेतला?”

“एक पैसासुद्धा नाही,” सौ. म्हणाली.

“मग नाव पूर्णच घ्यायला पाहिजे,” तो म्हणाला.